हजेरीतलं एक नाव : शमुवेल, समाजी, सॅम्युअल



मागच्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. जूनमध्ये दुसऱ्या गावाहून एक मुलगा नव्याने दाखल झाला. त्याचं नाव हजेरीपत्रकात चढवताना मी अडले. जुन्या शाळेच्या दाखल्यावर 'शमुवेल', आधार कार्डावर मराठीत 'सॅम्युएल', आणि आईने भरून दिलेल्या प्रवेश अर्जात 'समुवेल'. इंग्रजी स्पेलिंग मात्र सगळीकडे एकच.

आणि मी एक चूक केली. सगळ्या वर्गासमोर त्याला विचारलं, "अरे, तुझं खरं नाव नेमकं कोणतं?" तो काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "बाई, हा वेल कसला? काकडीचा का दोडक्याचा?" वर्ग हसला. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. पुढचा आठवडाभर तो पोरगा 'काकडीचा वेल' झाला. हजेरी घेताना बाकीची मुलं "हजर बाई" म्हणून ओरडायची, हा नुसतं बोट वर करायचा. माझ्या लक्षात यायला चार-पाच दिवस लागले.

मग ठरवलं, या नावावर एक तास घ्यायचा. मला हिब्रू भाषा येत नाही. पण वाचत गेले तसतसं लक्षात आलं की या एका नावात व्याकरण, इतिहास, भूगोल आणि आपलं कोकणसुद्धा आहे. त्या तासाची तयारी इथे देत आहे. काही भाग मुलांसाठी, काही फक्त आपल्या शिक्षकांसाठी.

'वेल' कुठून आला?

सुरुवात त्या वेलापासूनच केली. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : शमु + एल.

हे नाव मूळ हिब्रू भाषेतलं, म्हणजे ज्यू लोकांच्या धर्मग्रंथांची जी भाषा तिच्यातलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. या नावात पाच अक्षरं आहेत : शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. उच्चार साधारण 'श्मुएल'. त्यातला शेवटचा 'एल' म्हणजे देव.

आता 'शमु' आणि 'एल' भरभर म्हणून बघा. उ आणि ए हे दोन स्वर एकमेकांना चिकटताना तोंडातून आपोआप एक बारीकसा 'व' निघतो. शमु-एल, शमुएल, शमुवेल. आपल्या मराठीत हे रोज होतं. सु + आगत = स्वागत, मनु + अंतर = मन्वंतर, भाऊ आणि भावाला. उ च्या शेजारी दुसरा स्वर आला की व डोकावतोच. इ असेल तर य डोकावतो, म्हणून डॅनिएलचा आपण डॅनियल करतो. तर हा वेल काकडीचा नाही, दोडक्याचाही नाही. तो 'एल' आहे आणि 'व' ही आपल्या जिभेची सोय आहे.

मुलांना हे एकदम पटलं. मग विचारलं, "शेवटी 'एल' येणारी आणखी नावं सांगा." मायकेल, डॅनियल, गॅब्रिएल, जोएल... बहुतेक सिनेमा आणि क्रिकेटमधून आली. एका मुलीने 'राहुल' सांगितलं! (नाही, राहुल आपला. गौतम बुद्धांच्या मुलाचं नाव. पण तिने ऐकून जुळवण्याचा प्रयत्न केला म्हणून शाबासकी दिली.) डॅनियल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश', मायकेल म्हणजे 'देवासारखा कोण आहे?' मायकेल हे नाव म्हणजे आख्खा एक प्रश्न आहे हे ऐकून मुलांना फार गंमत वाटली.

वर्गात एक इस्माईल आहे. तो म्हणाला, "बाई, माझ्यात पण येतं का ते?" येतं की! हिब्रूत यिश्माएल, अरबीत इस्माईल, अर्थ 'देव ऐकतो'. तेव्हा त्या दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं.

नावाचा अर्थ काय?

इथे गाडी थोडी हळू चालवावी लागते. इंटरनेटवर शोधलं तर या नावाचे तीन-चार अर्थ मिळतात आणि प्रत्येक ठिकाणी आपलाच बरोबर असं ठासून लिहिलेलं असतं. आपण जरा तपासून पाहू.

त्यासाठी आधी गोष्ट माहीत हवी. पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात 'शमुवेल' नावाची दोन पुस्तकं आहेत. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हन्ना नावाची बाई भेटते. एलकाना नावाच्या माणसाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नाला मुलं आहेत, हन्नाला नाहीत. पनिन्ना तिला टोचून बोलते. (आपल्याकडच्या किती कथा अशाच सुरू होतात ना? आवडती-नावडती आठवते.) हे कुटुंब दरवर्षी शिलो या ठिकाणी देवाच्या दर्शनाला जातं. तिथे हन्ना एकटीच रडत प्रार्थना करते. ओठ हलतात पण आवाज निघत नाही. एली नावाचा म्हातारा याजक म्हणजे पुजारी दारापाशी बसलेला असतो, त्याला वाटतं ही बाई दारू प्यालेली आहे! तो तिला रागावतो. ती सांगते, मी प्यालेली नाही, मनातलं दुःख देवापुढे ओतते आहे. पुढे तिला मुलगा होतो आणि ती त्याचं नाव शमुवेल ठेवते, कारण तिने त्याला देवाजवळ मागून घेतलं होतं.

झालं, अर्थ मिळाला असं वाटतं. 'देवाजवळ मागितलेला'. बरीच मंडळी इथेच थांबतात. पण हिब्रूत 'मागणे' या क्रियापदाला 'शाआल' म्हणतात. त्यातलं ल आणि श दोन्ही शमुवेलमध्ये आहेत, पण मधला 'म' कुठून आला? 'शाआल'पासून सरळ तयार होणारं नाव वेगळंच आहे : शाऊल, मराठी शास्त्रात 'शौल', म्हणजे 'मागितलेला'. आणि हा शौल कोण? याच शमुवेलने पुढे ज्याला इस्राएलचा पहिला राजा म्हणून अभिषेक केला तो! म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की हन्नाने सांगितलेलं कारण शमुवेलपेक्षा शौलच्या नावाला जास्त शोभतं. काहींच्या मते ही जन्मकथा आधी शौलचीच असावी, तर काहींच्या मते लेखकाने मुद्दाम दोन नावांचा खेळ केला आहे. मला दुसरं मत जवळचं वाटतं. लोकांनी राजा मागितला तो शौल, आईने मूल मागितलं तो शमुवेल. गोष्ट सांगणाऱ्याला हे दिसलं नसेल असं वाटत नाही.

दुसरा अर्थ सांगतात 'देवाने ऐकलेला'. हिब्रूत 'ऐकणे' म्हणजे 'शामा'. कानाला जुळतं. पण त्या शब्दाच्या शेवटी 'आयिन' हे घशातून उच्चारायचं अक्षर आहे. इस्माईलच्या हिब्रू नावात ते आहे, शमुवेलमध्ये नाही. म्हणजे हा अर्थ इस्माईलचा, आपण उगाच शमुवेलला द्यायला नको.

तिसरा अर्थ अक्षरांना सगळ्यात सरळ बसतो. हिब्रूत 'शेम' म्हणजे नाव. शेम आणि एल मिळून 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव देव'. म्हणजे ज्या नावावरून माझ्या वर्गात हसले, त्या नावाच्या आतच 'नाव' हा शब्द आहे.

मुलांना एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांना हन्नाची गोष्ट सांगितली, आणि त्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग. दूध तुटल्यावर हन्ना बोलल्याप्रमाणे लेकराला शिलोच्या मंदिरात सेवेसाठी ठेवते आणि घरी जाते. पण दरवर्षी भेटायला येताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून आणते. दर वर्षी मुलगा वाढणार, दर वर्षी माप अंदाजाने घ्यायचं. आश्रमशाळेत काम केलेल्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीआधी नवा शर्ट घेऊन येणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत, आणि तो शर्ट कधी आखूड होतो तेही.

'श' हरवला कसा?

मुलांचा पुढचा प्रश्न : मूळ नावात 'श' आहे तर इंग्रजीत 'सॅम' का?

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हिब्रू धर्मग्रंथांची ग्रीक भाषांतरं होऊ लागली. ग्रीकात 'श' ला अक्षरच नाही. आपल्याकडे 'ळ' आहे, इंग्रजीत नाही, मग तिकडे टिळकांचे टिलक होतात, तसंच. ग्रीकांनी जवळचं 'स' घेतलं आणि श्मुएलचा 'सामुएल' झाला. ग्रीकातून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून युरोपभर. असंच शलोमोचं सॉलोमन झालं, शिमशोनचं सॅमसन, मोशेचं मोझेस. एका भाषेत एक अक्षर नव्हतं म्हणून दोन हजार वर्षं अर्ध्या जगाची नावं बदलली!

फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन अशा कितीतरी भाषांत हे नाव थोड्याफार फरकाने एकाच स्पेलिंगने लिहितात. इटालियन लोक शेवटी स्वर जोडून 'सामुएले' करतात, फिनलंडमध्ये 'सामुली', रशियात 'सामुईल'. इंग्रजांनी मधल्या 'उ' चा 'यु' केला आणि 'सॅम्युअल' तयार झालं. मध्य युरोपातले ज्यू जी यिडिश भाषा बोलत तिच्यात मात्र 'श्मुएल' टिकलं, लाडाने 'श्मुलिक'. चिनी बायबलमध्ये हे नाव 'सा-मु-अर्' अशा उच्चाराच्या तीन चिन्हांनी लिहितात. चिन्हं निवडली उच्चारासाठी, पण त्यातल्या मधल्या चिन्हाचा अर्थ आई आणि शेवटच्याचा कान. मागणारी आई आणि रात्री हाक ऐकणारा मुलगा! योगायोग आहे, तरी मला आवडला.

आणि आता मराठी. आपल्या पवित्र शास्त्रात बघा : शमुवेल, शलमोन, शमशोन, मोशे. इंग्रजीत जिथे जिथे 'स' किंवा 'झ' झाला तिथे तिथे मराठीत 'श' आहे. आपल्या वर्णमालेत श असल्यामुळे ग्रीकात हरवलेला वर्ण मराठीत जसाच्या तसा लिहिता आला. मी फळ्यावर दोन रकाने केले, एकात इंग्रजी रूपं, एकात मराठी. मग विचारलं, "आता सांगा, मूळ उच्चाराच्या जवळ कोण? सॅम्युअल की शमुवेल?" सगळा वर्ग ओरडला. तो मुलगा पाटीकडे बघत होता, पण कान लाल झाले होते.

अरबांचा समवअल आणि बल्गेरियाचा झार

नाव फक्त भाषा बदलत नाही, त्याला नवी माणसं मिळतात, नवा अर्थ चिकटतो.

सहाव्या शतकात अरबस्तानात तैमा या ठिकाणी एक ज्यू कवी राहत होता, अस्-समवअल. हे शमुवेलचंच अरबी रूप. त्याची गोष्ट अशी सांगतात : इम्रुल कैस नावाच्या प्रसिद्ध कवीने आपली चिलखतं त्याच्याकडे विश्वासाने ठेवायला दिली. नंतर शत्रूने समवअलच्या किल्ल्याला वेढा घातला आणि बाहेर सापडलेल्या त्याच्या मुलाला पकडलं. चिलखतं दे, नाहीतर मुलगा मारतो. समवअलने ठेव दिली नाही. मुलगा डोळ्यांदेखत मारला गेला. तेव्हापासून अरबीत फार इमानी माणसाला 'समवअलहून इमानी' म्हणायची पद्धत पडली. ही गोष्ट वर्गात सांगावी की नाही याचा मी विचार केला आणि सांगितली नाही. त्यात मुलाला कोणी विचारलंच नाही.

बाराव्या शतकातला दुसरा समवअल, अल्-मगरिबी, गणिती होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. हा वर्गात चांगला चालतो.

कुराणात तालूत म्हणजे शौल राजाची कथा येते. तिथे त्या काळच्या संदेष्ट्याचं नाव दिलेलं नाही, पण बऱ्याच मुस्लिम भाष्यकारांनी ते शमवील असं सांगितलं आहे. जेरुसलेमजवळ 'नबी समवील' नावाची टेकडी आहे. तिथे परंपरेने शमुवेलची कबर मानतात. एकाच इमारतीत वर मशीद आणि खाली ज्यूंची प्रार्थनेची जागा.

युरोपात बल्गेरियाचा झार सामुईल होऊन गेला, राज्य ९९७ ते १०१४. ते चौघे भाऊ होते : डेव्हिड, मोझेस, आरोन आणि सामुईल. चारही नावं जुन्या करारातली, आणि बाप ज्यू नाही, ख्रिस्ती सरदार. १०१४ मध्ये बायझंटाईन सम्राटाने लढाईत पकडलेल्या त्याच्या हजारो सैनिकांचे डोळे काढून परत पाठवले. ते बघून झार कोसळला आणि त्याच वर्षी वारला असं इतिहासकार लिहितात.

सोळाव्या शतकानंतर प्रोटेस्टंट लोक मुलांना जुन्या करारातली नावं जास्त ठेवू लागले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत सॅम्युअल घरोघरी झाले. १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढणारे सॅम्युअल जॉन्सन, तारायंत्राचे सॅम्युअल मोर्स, आणि टॉम सॉयरची गोष्ट लिहिणारे मार्क ट्वेन, ज्यांचं खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. अमेरिकेचे ते पांढऱ्या दाढीचे 'अंकल सॅम' सुद्धा न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या सॅम्युअल विल्सन या मांस पुरवणाऱ्या व्यापाऱ्यावरून आले असं मानतात. १९६१ साली अमेरिकन काँग्रेसने तसा ठरावही केला. साहित्याच्या नोबेलच्या यादीत १९६६ ला श्मुएल आग्नोन दिसतात आणि १९६९ ला सॅम्युअल बेकेट. एक हिब्रूत लिहिणारे, एक इंग्रजी-फ्रेंचमध्ये. नाव एकच.

पण सावधान! सॅम दिसला की शमुवेल असं नाही. आपले फील्ड मार्शल सॅम माणेकशा यांचं 'साम' हे पारशी नाव, शाहनाम्यातल्या रुस्तुमच्या आजोबांचं. आणि सॅम पित्रोदा हे मूळचे सत्यनारायण.

कोकणातले समाजी हसाजी

आता आपल्या दाराशी येऊ. या तासाचा हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन केला.

रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोहा या भागात बेने इस्रायल नावाचा ज्यू समाज शेकडो वर्षं राहत आला. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि जे मोजके स्त्री-पुरुष वाचले ते इथलेच झाले. तेलाचे घाणे चालवत. शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी, लुगडी नेसणं आपल्यासारखं, आडनावं गावावरून : पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर.

आणि पाळण्यातली नावं? ती बायबलमधलीच, पण कोकणी पाण्यात मुरलेली. अब्राहमचा अबाजी. इसहाकचा इसाजी. मोशेचा मुसाजी. यहेज्केलचा हसाजी. आणि शमुवेलचा समाजी! शहाजी, संभाजी, तानाजी, येसाजी यांच्या ओळीत समाजी बसवून बघा, कुठे काही खटकतं का? गावातल्या कोणालाही वेगळं न वाटता नाव आपलं मूळ राखून राहिलं.

यातले सगळ्यात प्रसिद्ध समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटून आले. मग १७९६ साली त्यांनी मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. त्याचं हिब्रू नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार. सध्याची इमारत १८६० ची. ते ज्या रस्त्यावर आहे तो सॅम्युअल स्ट्रीट, याच समाजींच्या नावाचा मानतात. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि जवळच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. लोकलने जाताना बघा.

मात्र इथे एक गंमत आहे. माणूस समाजी, रस्ता सॅम्युअल. मधल्या काळात काय झालं? एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आल्या. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. इंग्रजी शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या, बाहेरच्या ज्यू समाजांशी संबंध वाढले. मग समाजीचे नातू सॅम्युअल झाले. या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांचं नावच बघा : हाईम सॅम्युअल किहीमकर. पहिला शब्द हिब्रू, दुसरा इंग्रजी वळणाचा, तिसरा अलिबागजवळच्या किहीम गावचा. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. त्यांचं पुस्तक १८९७ ला लिहून झालं आणि छापलं गेलं १९३७ ला, तेल अवीवमध्ये. जुन्या नावांचं हे रूपांतर त्यांनीच नोंदवून ठेवलं आहे.

इस्रायल देश झाल्यावर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं तिकडे गेली. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. तिकडे जन्मलेला सॅम्युअलचा नातू पुन्हा 'श्मुएल' झाला असेल. श्मुएल, समाजी, सॅम्युअल, श्मुएल. मुलांना नकाशावर बोट फिरवायला लावलं तर हा फेरा चांगला समजतो.

कागदावरचं नाव

हा तुकडा फक्त शिक्षकांसाठी.

ऑगस्ट १९३८ मध्ये जर्मनीच्या नाझी सरकारने ज्यूंच्या नावांविषयी हुकूम काढला. सरकारी यादीतलं ज्यू नाव ज्याचं नसेल त्या पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला 'इस्रायल' जोडायचं आणि बाईने 'सारा'. कागद बघताक्षणी माणूस ओळखू यावा म्हणून. आईबापांनी प्रेमाने ठेवायची नावं त्यांनी शिक्क्यासारखी वापरली.

आपल्या हातातलं हजेरीपत्रक आणि ते हुकूमनामे यांची तुलना करायची नाही मला. पण नाव लिहिणं हे आपल्याला वाटतं तेवढं साधं कारकुनी काम नाही. आपण घाईत 'समुवेल' चढवतो, पोर्टल आपल्या मनाने 'सॅम्युएल' करतं, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तिसरंच जातं आणि दहावीनंतर त्या मुलाचे वडील प्रतिज्ञापत्र करायला तालुक्याच्या चकरा मारतात. खर्च आणि बुडालेली मजुरी त्यांची. रूप कोणतं ते आईवडिलांना विचारा, आणि एकदा ठरलं की सगळीकडे तेच. 'खरं नाव कोणतं' असं मुलाला चारचौघांत विचारू नका. मी विचारलं, म्हणून लिहिते आहे.

गृहपाठ

तासाच्या शेवटी दिलेला गृहपाठ असा : तुमचं नाव कोणी ठेवलं? का ठेवलं? घरात हाक मारायचं नाव वेगळं आहे का? आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा. तुमच्या वर्गातही देऊन बघा. माझ्याकडे 'नकुशी'ची आत्या आली, पाऊस पडला म्हणून 'वर्षा' आली आणि टीव्हीतल्या मालिकेवरून ठेवलेली तीन नावं आली. इब्राहिम, याकूब, युसूफ, मरियम ही नावं घरात असलेल्या मुलांना त्यांची हिब्रू, मराठी आणि इंग्रजी भावंडं शोधायला सांगा : अब्राहम, याकोब, योसेफ, मिर्याम. एका आठवड्याचं काम होतं.

त्या मुलाने पाच ओळी लिहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. आईने पिशवीतून जुनं पवित्र शास्त्र काढलं, पुठ्ठ्याला कापडाची पट्टी चिकटवलेली. आतल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात घरातल्या सगळ्यांची जन्मतारीख लिहिलेली होती. शेवटच्या ओळीत निळ्या शाईने नातवाचं नाव होतं, शमुवेल. "घरी आम्ही समू म्हणतो," आई म्हणाली, "पण नाव हेच. अर्ज मी घाईत लिहिला बाई." मग आधारच्या मराठी नावाची दुरुस्ती करायला लागणारे कागद तिला लिहून दिले. जनरल रजिस्टरमध्ये शमुवेल होतंच, ते तसंच ठेवलं.

शमुवेलच्या पुस्तकातला एक प्रसंग राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगितला. मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलला रात्री कोणीतरी नावाने हाक मारतं. त्याला वाटतं म्हाताऱ्या एलीने बोलावलं. तो धावत जातो. एली म्हणतो, मी नाही रे बोलावलं, जा झोप. असं तीन वेळा होतं. तिसऱ्या वेळेला एलीच्या लक्षात येतं की हाक देवाची आहे. प्रत्येक हाकेला तो पोरगा एकच शब्द बोलतो, हिब्रूत 'हिन्नेनी', म्हणजे हा मी, इथे आहे.

"म्हणजे 'हजर बाई'!" काकडीवाला मागून ओरडला.

मी हजेरीपत्रक उघडलं. एकोणिसाव्या नंबरला आले. "शमुवेल."

"हजर बाई."